कोणती पॉवर?



आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो समजून घ्यायला आपल्यापैकी कुणालाच डिक्शनरी लागत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा तो बिनदिक्कत वापरते. तो शब्द म्हणजे 'पॉवर'. आमच्या पाटण तालुक्यात त्याचा उच्चार 'पावर' असा होतो आणि खरं सांगायचं तर मला तो जास्त वजनदार वाटतो.

मी कोयनानगरला राहतो. या भागातल्या मुलांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा नववीच्या वर्गात मी फळ्यावर हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. वीजकेंद्रातल्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा लगेच म्हणाला, "वीज." पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा म्हणाला, "शक्ती." एका मुलीनं नाकावरचा चष्मा वर सरकवत सांगितलं, "नंबर." मागून आवाज आला, "मोटरीला असते ती, सर. पाचची, साडेसातची." आणि शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सरपंच!" वर्गात हशा पिकला. पण पाचही उत्तरांना पूर्ण मार्क द्यावे लागले. इंग्रजीनं ज्यांना एकाच पेटीत कोंबलं आहे, त्या पाच निरनिराळ्या गोष्टी मुलांनी आपापल्या घरून आणल्या होत्या.

आपल्या मराठीनं या गोष्टींसाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. आभाळात कडाडते आणि तारेतून धावते ती वीज. अंगात असते ती ताकद किंवा बळ. खुर्चीत असते ती सत्ता. कागदानं मिळतो तो अधिकार. यंत्राची असते ती क्षमता. गंमत म्हणजे वीज, शक्ती, ताकद, सत्ता, क्षमता या साऱ्या स्त्रीलिंगी. म्हणूनच असेल, इंग्रजीत लिंगाची भानगड नसलेली पॉवर मराठीत आली ती 'ती' होऊन. पॉवर येते, पॉवर जाते, पॉवर चढते. मग आपण तिला फारसीतून आलेला 'बाज' जोडला आणि 'पावरबाज' असा झकास मराठी शब्द तयार केला. तो कुठल्याही इंग्रज माणसाला कळणार नाही, पण गावच्या पारावर प्रत्येकाला कळतो.

घरात वायरिंग करायला आलेल्या माणसाचं बोलणं कधी ऐकलं आहे का? तो विचारतो, "लाईट पॉइंट किती आणि पॉवर पॉइंट किती?" दिवा, पंखा चालतो तो लाईट पॉइंट. गिझर, इस्त्री, मिक्सर चालतो तो पॉवर पॉइंट. तार तीच, वीज तीच. फक्त एकाला जाड वायर आणि मोठं सॉकेट. म्हणजे मराठी वायरमननं प्रकाशाची वीज आणि कामाची वीज अशी वाटणी केली. आपण सगळेच ती पाळतो. घरात अंधार झाला की म्हणतो, "लाईट गेली." "पॉवर गेली" असं ऐकलं तर आधी वाटतं, कुणीतरी निवडणूक हरलं.

औषधाच्या दुकानातही पॉवर भेटते. "जरा जास्त पॉवरची गोळी द्या," असं आपण सहज म्हणतो. चष्म्याच्या दुकानात तर गंमतच आहे. भिंगाची पॉवर डायॉप्टरमध्ये मोजतात. भिंग जितक्या जवळ प्रकाश एकवटेल, तितकी त्याची पॉवर जास्त. साहजिकच नजर जितकी अधू, तितका जास्त पॉवरचा चष्मा लागतो. ज्याच्याकडे कमी त्याला जास्त पॉवर, हा न्याय बहुधा फक्त चष्म्याच्याच दुकानात चालतो.

आता वीजकेंद्राकडे वळू. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिचा स्वाभाविक ओढा बंगालच्या उपसागराकडे. पण पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात कोसळतो. धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला न्यायचं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात साधारण पावणेपाचशे मीटर खाली सोडायचं, ही कोयनेची युक्ती. पुढे तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडतं, पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठीला जाऊन मिळतं. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून या प्रकल्पाची क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. त्यातला एकटा चौथा टप्पा १००० मेगावॅटचा. त्याच्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याला पाण्याचं तोंड उघडून दिलं गेलं.

मेगावॅट हे पॉवरचं माप. पण हे माप नेमकं कशाचं? शाळेच्या पुस्तकात फोर्सला बल, एनर्जीला ऊर्जा आणि पॉवरला शक्ती म्हणतात. बोलण्यात आपण तिन्हींची खिचडी करतो. मी ती अशी वेगळी करतो. तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी पोफळीच्या उंचीवरून खाली सोडलं तर, गळतीतूट धरून, सुमारे एक युनिट वीज मिळते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळेल इतकी. ही झाली ऊर्जा. आता ती टाकी चोवीस तास थेंबथेंब सोडली, तर चाळीसेक वॅटचा एक दिवा दिवसभर मिणमिणत राहील. तीच टाकी एका सेकंदात रिकामी केली, तर त्या एका सेकंदापुरतं साडेतीन हजार किलोवॅटचं यंत्र चालेल. पाणी तेच, युनिट तेच. बदलला तो वेग. हा वेग म्हणजे पॉवर. चौथा टप्पा पूर्ण जोरात चालतो तेव्हा सेकंदाला अशा अडीचशेच्या आसपास टाक्या रिकाम्या होत असतात.

म्हणजे शास्त्रातली पॉवर ही साठवून ठेवायची वस्तू नाही. काम किती लवकर उरकता, याचा तो हिशेब आहे. जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला समजेल असं माप म्हणून घोडा पुढे केला. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ज्यानं घोड्याचं माप रूढ केलं, त्याचंच नाव पुढे विजेच्या मापाला दिलं गेलं. आमचे शेतकरी आजही मोटर घेताना वॅट विचारत नाहीत. घोडे विचारत नाहीत असंही नाही. फक्त 'पाचची द्या' म्हणतात, घोडा गृहीत असतो.

कोयनेचं मोलही या वेगात आहे. कोळशाचं केंद्र थंड पडलं की पुन्हा पेटवून पूर्ण जोरात आणायला तास न् तास लागतात. पाण्याचं केंद्र काही मिनिटांत जागं होतं. संध्याकाळी राज्यभर एकदम दिवे लागतात, मागणी उसळते, तेव्हा कोयनेला हाक जाते आणि ती धावून येते. रात्रंदिवस मात्र तिला पूर्ण जोरात धावता येत नाही, कारण पाणी मोजकं आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानं, म्हणजे बच्छावत लवादानं, वर्षाला पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १९७६ सालचा हा निवाडा. पाहा, इथे आणखी एक पॉवर आली. लवादाची, म्हणजे अधिकाराची. एका पॉवरनं दुसरीला किती धावायचं ते सांगितलं.

गणितात या शब्दाचा अर्थ आणखी निराळा. दहाचा दुसरा पॉवर शंभर, तिसरा हजार. मराठीत याला घात म्हणतात. घात म्हणजे दगाफटका, नाश, हे आपण जाणतोच. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र पेरणीची घात म्हणजे जमिनीला आलेला नेमका ओलावा, पेरायची नेमकी वेळ. एकाच शब्दात नाशही आणि पेरणीही. तेव्हा अनेक अर्थांचा मक्ता काही इंग्रजीकडेच नाही.

गणितातला हा घात आम्हा कोयनेच्या लोकांना पुस्तकाबाहेर भेटलेला आहे. भूकंपाचं रिश्टर माप दहाच्या घातांवर चालतं. आमच्याकडे लहान धक्के होतच असतात. साडेतीनचा धक्का झाला की भांडी वाजतात, माणसं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यानंतर जो भूकंप झाला, तो साडेसहाच्या घरातला होता. साडेतीन आणि साडेसहा, फरक तीनचा. ऐकायला किरकोळ. पण हा दहाचा तिसरा घात आहे. जमिनीचं हादरणं हजारपट आणि त्यामागची ऊर्जा जवळपास तीस हजार पट. त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो जखमी झाली, घरं भुईसपाट झाली. वीजकेंद्र थांबलं, आणि आम्ही ढिगाऱ्याखाली आहोत हे दूर मुंबईला कळलं ते आधी वीज गेल्यामुळे, असं जुनी माणसं सांगतात. धरण टिकलं. त्याला तडे गेले होते. पुढे ते बळकट करण्यात आलं.

श्रोतेहो, आता मी ज्या अर्थांकडे येतो आहे ते मोजायला मीटर नाही.

तहसील कचेरीत गेलात की 'पॉवर ऑफ ॲटर्नी' कानावर पडते. आपले जुने लोक तिला मुखत्यारपत्र म्हणत. मुखत्यार म्हणजे ज्याला आपल्या मुखत्यारीत, आपल्या मर्जीनं करता येतं तो. आमच्या तालुक्यात या कागदाचं महत्त्व फार, कारण घरटी एक तरी माणूस मुंबईला. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींमध्ये पाटणची माणसं मोठ्या संख्येनं होती आणि आहेत. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही याच तालुक्यातल्या मंद्रूळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. इंग्रजीत ज्याला मॅनपॉवर म्हणतात, ती आमच्याकडून मुंबईला रेल्वेनं आणि एसटीनं गेली. दुसरी पॉवर तारेनं गेली. मुंबईला दोन्ही मिळाल्या. गावाकडे जमिनीच्या कामासाठी मागे राहिलेल्या भावाच्या हातात मुखत्यारपत्राचा कागद राहिला.

आणि ज्यांची जमीनच पाण्याखाली गेली, त्यांचं काय? कोयनेचं काम १९५४ च्या सुमारास सुरू झालं, १९६२ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज निघाली. शिवाजीसागराच्या पाण्यासाठी शंभरच्या आसपास गावांना आपली जागा सोडावी लागली. कुणी सांगली, सोलापूरकडे गेले, कुणी रायगड, ठाण्याकडे, कुणी डोंगरात आणखी वर सरकले. प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात पहिला कायदा झाला तो १९७६ साली. तोवर जलाशय कितीतरी वेळा भरून रिकामा झाला होता. जलाशयाच्या काठच्या अनेक वाड्यांना, ज्यांच्या पायथ्याच्या पाण्यातून ती वीज निघत होती, स्वतःच्या घरात दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं वाट पाहावी लागली.

हे फक्त कोयनेतच घडलं असं नाही. १९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेव्हाही मावळ्यांचा प्रश्न हाच होता. मुंबईच्या गिरण्यांना पॉवर हवी, हे त्यांना कळत होतं. ती देण्या-न देण्याची पॉवर आपल्याकडे का नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

सरकारी भाषेनं या लोकांना नाव दिलं 'प्रकल्पग्रस्त'. 'ग्रस्त' हा प्रत्यय आपण कुठे लावतो, आठवा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, रोगग्रस्त. आमच्याकडे तर एकाच घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि भूकंपग्रस्ताचा दाखला असे दोन्ही कागद एकाच पिशवीत असतात. भूकंप निसर्गाचा, त्याला कुणी विचारून येत नाही. प्रकल्प तर माणसांनी बैठका घेऊन, नकाशे काढून केलेला. तरी शब्द दोन्हींना एकच. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते. म्हणजे कसायची तुम्ही, पण विकायची तर सरकारची परवानगी हवी. जमीन आहे, पण जमिनीवरची पूर्ण पॉवर नाही. २०१८ साली प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या मांडला, तेव्हा तिथे बसलेल्यांत कित्येक जण असे होते की गाव बुडालं तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. आजोबांची मागणी नातू करत होता.

यावर कुणी म्हणेल, मग धरण बांधायलाच नको होतं का? मी तसं म्हणत नाही. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगाच नव्हे. इचलकरंजीचे आणि विट्याचे पॉवरलूम, पुण्या-मुंबईचे कारखाने, गावोगावच्या मोटारी, दवाखान्यातले दिवे यांच्यामागे या पाण्याचा वाटा आहे. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं याच वीजकेंद्रांत कामाला लागली आणि घरं उभी राहिली. पोफळीच्या त्या भूमिगत दालनात पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही छाती फुगली होती. माझं म्हणणं एवढंच की त्या एका शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा आकडा सांगितला की दुसरीचा हिशेब दिला असं होत नाही. '१९६० मेगावॅट' हे 'कुणाच्या हातात काय उरलं' याचं उत्तर नाही.

राजकारणातल्या पॉवरबद्दल मी फार बोलत नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी एका आडनावाशी या शब्दाचं यमक इतक्या वेळा जुळवलं आहे की आता त्यात नवं काही उरलं नाही. एक निरीक्षण मात्र सांगतो. गावात 'त्याची लई पावर हाय' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, तो काय करतो ते पाहा. तो कचेरीत गेला की रांग मोडते, फाईल हलते, दाखला त्याच दिवशी मिळतो. म्हणजे इथेही पॉवर म्हणजे कामाचा वेग! जे काम साध्या माणसाला सहा महिने घेतं, ते याचं सहा मिनिटांत होतं. जेम्स वॅटची व्याख्या आमच्या पारावरच्या लोकांनी न शिकता बरोबर ओळखली आहे. फरक इतकाच की वीजगृहातली पॉवर वाढली तर सगळ्यांचे दिवे उजळतात. कचेरीतली एकाची वाढली की रांगेतल्या बाकीच्यांचा नंबर मागे जातो.

आता शेवटची गोष्ट, या शब्दाच्या कुळीची. पॉवर हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून आणि तिथे लॅटिनमधून. त्या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे 'करू शकणे'. बस, इतकंच. त्यात वीज नव्हती, खुर्ची नव्हती, घोडा नव्हता. आपल्या मराठीत यासाठी फार साधे शब्द आहेत. 'येतं' आणि 'जमतं'. "तुला पोहता येतं का?" "मला जमेल." मुलांना मी पुढे हाच अर्थ आधी शिकवू लागलो. पॉवर म्हणजे करता येणं. यंत्राला करता येतं, भिंगाला करता येतं, औषधाला करता येतं, सहीला करता येतं. बाकीचे सगळे अर्थ या एका खोडाच्या फांद्या.

हा अर्थ हातात धरला की कोड्यात टाकणारी पुष्कळ भाषणं सोपी होतात. 'एम्पॉवरमेंट' हा शब्द हल्ली प्रत्येक योजनेत असतो. मराठीत त्याला सक्षमीकरण म्हणतात. बचत गटाच्या मेळाव्यात, ग्रामसभेत, पुनर्वसनाच्या बैठकीत तो ऐकला की मी मनाशी त्याचं भाषांतर करतो आणि विचारतो : या बाईला काल जे करता येत नव्हतं, ते आज करता येईल का? बँकेतून स्वतःच्या सहीनं पैसे काढता येतील का? आजोबांच्या नावच्या जमिनीचा उतारा नातवाला हेलपाटे न घालता मिळेल का? मुलीला आजारी आईसाठी रात्री गाडी मिळेल का? उत्तर 'हो' असेल तर पॉवर आली. 'नाही' असेल तर नुसता शब्द आला.

तेव्हा इथून पुढे कुणी तुमच्यासमोर पॉवर हा शब्द वापरला, मग तो इलेक्ट्रिशियन असो, डॉक्टर असो, वकील असो नाहीतर पुढारी असो, तर न लाजता विचारा, "कोणती पॉवर? कुणाला? आणि त्यानं काय करता येईल?" चांगला वायरमन तर कामाला हात लावण्याआधी स्वतःच विचारतो, लाईट पॉइंट किती आणि पॉवर पॉइंट किती. बाकीच्यांनीही तेवढं विचारायला काय हरकत आहे?